थांबा की आगार?

वाळूमाशी वाळूत राहत नाही. रंग वाळूसारखा, म्हणून हे नाव पडलं. तिचं खरं बिऱ्हाड म्हणजे गोठ्याच्या भिंतीतली भेग, शेणामातीचा ओलसर कोपरा, घुशीचं बीळ, जुन्या झाडाची ढोली. आकाराने दोन-तीन मिलिमीटर, डासापेक्षा बरीच लहान, अंगभर लव. बसली की पंख पाठीवर मिटून घेत नाही, इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उभे धरते; नुसत्या डोळ्यांनी तिला ओळखायची हीच सोपी खूण. जरा वारा सुटला की तिचं उडणं थांबतं, मग ती भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. गुणगुणत तर नाहीच. नराला रक्त लागत नाही. चावते ती मादी, अंडी घालण्यासाठी.

माझं लहानपण विदर्भातल्या एका खेड्यात गेलं. दिवेलागणीला गोठ्यात कंदील नेला की पोपडे निघालेल्या भिंतीवर असले जीव हलताना दिसायचे. चिलटं म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पुढे प्राणिशास्त्र शिकताना कळलं, की १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा काढला होता, आणि तो पसरवण्याचा संशय याच माश्यांवर होता. २००३ साली त्या विषाणूने आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. तेव्हापासून गोठ्याची भिंत मला पूर्वीसारखी कधी दिसली नाही.

हे पुस्तक मात्र त्या विषाणूचं नाही. ते वाळूमाशीच्या पोटात वाढणाऱ्या एका एकपेशीय परजीवीचं आहे, आणि त्याहून अधिक एका प्रश्नाचं आहे: माणूस आजारी नसतो, तेव्हा हा परजीवी कुठे असतो? दोन्ही लेखक माझे विद्यार्थी. त्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी आधी पूर्ण हस्तलिखित मागितलं, दोनदा वाचलं, एका जागी अडलो, भांडलोही. त्या भांडणाकडे शेवटी येतो.

लीशमॅनिया हे त्या परजीवीचं नाव. डमडमच्या छावणीत राहून आलेल्या आणि इंग्लंडात मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना बारीक गोल ठिपके दिसले होते. १९०३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना तेच ठिपके दिसले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून ‘लीशमॅनिया डोनोवानी’ असं बारसं केलं. बिहार-बंगालातल्या काला-आजार नावाच्या तापाचं हे मूळ. तो वाळूमाशीच्या चाव्यातून माणसात उतरतो हे निर्विवाद सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडलं. आसामात स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांना संसर्ग झालेल्या माश्या चावू देऊन ते दाखवलं. आज त्या स्वयंसेवकांची आठवण कुणी काढत नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात ती काढली आहे, याचं मला समाधान वाटतं.

काला-आजार भारतात माणसाकडून माश्यांमार्फत माणसाकडे जातो असं मानलं जातं. पण लीशमॅनियाच्या बहुतेक जाती जगभर रानातल्या प्राण्यांत राहतात आणि माणूस वाटेत आला तर त्याला धरतात. १९०८ साली चार्ल्स निकोल यांना ट्यूनिसमध्ये कुत्र्यांत हा परजीवी सापडला. मध्य आशियाच्या वाळवंटात मोठा जर्बिल नावाचा उंदराचा भाऊबंद तो सांभाळतो आणि त्याच्याच बिळात वाळूमाशी वाढते. अॅमेझॉनच्या जंगलात तो झाडाला उलट्या लटकणाऱ्या स्लॉथमध्ये असतो. प्राण्यांची ही यादी लांब आहे आणि ती नीट तपासून करणं हेच या पुस्तकाचं काम आहे.

अशा प्राण्याला इंग्रजीत रिझर्वॉयर म्हणतात. लेखकांनी त्याला ‘आगार’ हा शब्द योजला आहे. शब्द ऐकला आणि मला एसटीचं आगार दिसलं. गाडी वाटेत दहा थांब्यांवर थांबते, म्हणून ते थांबे आगार होत नाहीत. आगारात गाडी मुक्कामाला असते, तिची देखभाल होते आणि सकाळी तिथूनच ती सुटते. एखाद्या जंगली प्राण्यात परजीवी सापडला, तर तो थांबा आहे की आगार? गेल्या तीस-चाळीस वर्षांत जनुकीय तपासणीने जे काही साधलं आणि जिथे जिथे ती फसली, ते सगळं मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं.

आधीची पद्धत कष्टाची होती. मेलेल्या किंवा पकडलेल्या प्राण्याची प्लीहा, यकृत, कातडीचा तुकडा घ्यायचा, काचपट्टीवर ठसा उमटवून रंगवायचा आणि दोन ते चार मायक्रोमीटरचे ठिपके तासन्‌तास शोधायचे. सापडले तरी जात कळायची नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लीशमॅनिया सारख्याच. मग परजीवी रक्ताच्या माध्यमात वाढवायचा, त्याची विकरं वेगळी करून त्यांच्या पट्ट्यांवरून जात ठरवायची. बुरशी लागली की महिन्याभराचं काम वाया. जंगली प्राण्यातून परजीवी जिवंत बाहेर काढून वाढवणं तर नशिबाचाच भाग.

डीएनएचा हवा तो तुकडा नळीत वाढवणारी पीसीआर ही पद्धत आली आणि परजीवी जिवंत हवा ही अट गेली. लीशमॅनियाच्या पेशीत केंद्रकाव्यतिरिक्त डीएनएचा आणखी एक गुंडा असतो, कायनेटोप्लास्ट. त्यात डीएनएची छोटी छोटी वर्तुळं असतात, सुमारे १०,०००, आणि ती चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकवलेली असतात. एका पेशीत एकच गोष्ट दहा हजार वेळा सापडते म्हटल्यावर नमुन्यात एखादाच परजीवी असला तरी पीसीआर त्याला हेरतं. पण ही वर्तुळं आपापसांतही वेगळी असतात. लीशमॅनिया आहे एवढं ती खात्रीने सांगतात, जात सांगताना चाचरतात. जातीसाठी दुसरीकडे जावं लागतं: रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस हा पट्टा, उष्णताप्रथिन सत्तरचं जनुक, सायटोक्रोम बी. आयटीएसचा तुकडा वाढवायचा, ठरावीक विकराने कापायचा आणि जेलवर तुकड्यांच्या लांबीवरून जात वाचायची. आता तर सरळ अक्षरक्रमच वाचला जातो. २००५ साली लीशमॅनिया मेजरचा संपूर्ण जीनोम, ३६ गुणसूत्रं, प्रसिद्ध झाला आणि कुठल्या पट्ट्यात जातीजातींमधला फरक दडलेला आहे ते शोधणं सोपं झालं.

माशीचं काम मात्र अजूनही हातांनीच होतं. एरंडेल लावलेले कागद बिळाच्या तोंडाशी रात्रभर ठेवतात, किंवा छोटा दिवा आणि पंखा असलेला सापळा लटकवतात. सकाळी बारीक कुंचल्याने एकेक माशी उचलून अल्कोहोलमध्ये टाकायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली, दोन सुयांनी, तिचे तीन भाग करायचे. डोकं आणि पोटाचं शेवटचं टोक काचपट्टीवर चिकटवायचं, कारण घशातल्या दातांवरून आणि शुक्र साठवण्याच्या पिशवीच्या आकारावरून माशीची जात कळते. मधला भाग डीएनएसाठी नळीत. माझ्या विद्यार्थिनी हे काम करताना श्वास रोखून धरायच्या, नाहीतर उच्छ्वासाने माशीचं डोकं उडून जायचं. पोट रक्ताने भरलेलं असेल तर त्याच नळीतल्या डीएनएवरून ते रक्त कोणत्या प्राण्याचं हेही ठरवता येतं, मात्र रक्त पचायच्या आत, म्हणजे दोन-तीन दिवसांत. एका माशीला तीन प्रश्न विचारायचे: तू कोण, तू कुणाचं रक्त प्यायलीस, तुझ्यात परजीवी आहे का. आजाराच्या प्रदेशातसुद्धा संसर्ग झालेल्या माश्या बहुधा शंभरात एकापेक्षा कमी असतात. म्हणून शेकडो डोकी काचपट्टीवर चिकटवावी लागतात.

स्पेनमधल्या फुएनलाब्रादाचं प्रकरण या पुस्तकाचा गाभा आहे, आणि मी ते तीनदा वाचलं. माद्रिदच्या नैर्ऋत्येला असलेलं हे शहर. २००९ पासून तिथे अचानक लीशमॅनियाचे रुग्ण वाढू लागले. २०१२ च्या अखेरपर्यंत ४४६. भूमध्य सागराच्या प्रदेशात हा आजार नवा नाही. त्याचा परजीवी लीशमॅनिया इन्फंटम, आणि त्याचं आगार कुत्रा, हे निकोल यांच्या काळापासून पुस्तकात लिहिलेलं. साहजिकच आधी कुत्र्यांकडे बोट गेलं. त्यांची तपासणी झाली, पण कुत्र्यांमध्ये आजार वाढलेला नव्हता. आणि रुग्ण तर एका विशिष्ट भागात दाटलेले होते: शहराच्या कडेला तयार केलेल्या बोस्केसुर या मोठ्या हिरव्या उद्यानाच्या बाजूला. जुन्या शेतजमिनींवर झाडं लावून, पायवाटा काढून केलेलं उद्यान. लोक सायकली चालवायला, फिरायला जायचे. शिकारी प्राणी नसल्याने तिथे सशांची संख्या बेसुमार वाढली होती.

इथे मराठीत थोडं थांबावं लागतं. आपण ज्याला ससा म्हणतो, त्यात दोन प्राणी आहेत. एक बिळात राहणारा, पिंजऱ्यात पाळतात तो. दुसरा उघड्यावर, गवतात दबून बसणारा, लांब कानांचा रानससा. आपल्या माळरानात पावलांखालून उसळी मारून पळतो तो दुसरा. बोस्केसुरमध्ये दोन्ही होते.

माहादाओंदा इथल्या कार्लोस तिसरा आरोग्य संस्थेतल्या रिकार्दो मोलिना आणि मारिबेल हिमेनेथ यांच्या गटाने आसपासच्या माश्या पकडल्या. जात फ्लेबोटोमस पर्निसिओसस. पोटातल्या रक्ताचा डीएनए वाचला, तर बहुतेक रक्त सशांचं, दोन्ही प्रकारच्या. सशांची तपासणी केली, तर त्यांच्यात लीशमॅनिया इन्फंटमचा डीएनए. आयटीएसच्या अक्षरक्रमावरून माश्यांतला, सशांतला आणि रुग्णांतला परजीवी एकाच घराण्याचा निघाला. एवढ्यावर थांबले असते, तरी वर्तमानपत्रांना मथळा मिळालाच असता. ते थांबले नाहीत. उद्यानातून पकडलेल्या रानसशांवर त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, पूर्ण निरोगी वाळूमाश्या सोडल्या. माश्यांनी पोटभर रक्त प्यायलं. काही दिवसांनी माश्या फाडून पाहिलं तेव्हा आतड्यात शेपटी हलवणारे जिवंत परजीवी होते. वरून धडधाकट दिसणारे ससे माश्यांना संसर्ग देत होते. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं, पुढे बिळातल्या सशांबद्दलही तेच दिसलं.

म्हणजे आगार सापडलं. शंभर वर्षांची कुत्र्याची गोष्ट खोटी ठरली नाही, पण फुएनलाब्रादात ती लागू नव्हती. डीएनएने दिशा दाखवली. निकाल दिला तो त्या निरोगी माशीने. मग उद्यानातले ससे पकडून कमी करण्यात आले, माश्यांच्या जागा साफ झाल्या, आणि रुग्ण घटले.

सशांना मारलं ही गोष्ट मी हलकी समजत नाही. आगार चुकीचं ओळखलं तर निरपराध प्राण्यांचे मुडदे पडतात आणि माणसाचा आजारही जात नाही. ब्राझीलने अनेक दशकं रक्ततपासणीत दोषी ठरलेले कुत्रे मारले. त्याने माणसांतला आजार खरंच कमी झाला का, यावर ब्राझीलमधल्याच संशोधकांनी गंभीर प्रश्न उभे केले. जनुकीय ओळख पटवणाऱ्या माणसाच्या हातात किती जीव असतात, हे प्रयोगशाळेच्या थंड खोलीत पटकन जाणवत नाही.

मला ते जाणवलं एका वेगळ्या दिवशी. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो, तिथे आम्ही घुशींच्या प्लीहेचे बारा नमुने पीसीआरला लावले होते. जेल अतिनील दिव्याखाली ठेवलं आणि बाराही खणांत चमकदार पट्टी, म्हणजे परजीवीचा डीएनए. खोलीत आनंदाचा एकच गलका झाला. मग एका मुलीने हळूच तेराव्या खणाकडे बोट दाखवलं. त्यात फक्त पाणी होतं. तिथेही पट्टी. आधीच्या आठवड्यात वाढवलेल्या डीएनएचा अंश कुठल्यातरी पिपेटमध्ये, टेबलावर, हवेत राहिला होता आणि तो सगळ्या नळ्यांत शिरला होता. ते बाराही नमुने आम्ही फेकले. त्या दिवसापासून माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने डीएनए काढण्याची खोली आणि वाढवण्याची खोली वेगळी ठेवली. वाळूमाश्यांच्या कामात आणखी एक खबरदारी घेतात, ती मला फार आवडते: मादी माश्यांबरोबर काही नर माश्याही तपासायच्या. नर रक्त पीत नाही, म्हणून त्याच्यात परजीवी असायचं कारणच नाही. नराच्या नळीत पट्टी दिसली, तर चूक माशीची नाही, आपली आहे.

चूक नसली तरी फसगत होते. लीशमॅनियाच्या काही जाती सरड्या-पालींमध्ये राहतात, माणसाला काही करत नाहीत. त्यांना वाहणाऱ्या सर्जेंटोमिया माश्या आपल्याकडे भरपूर आहेत. ढोबळ पीसीआर त्यांनाही ‘लीशमॅनिया आहे’ म्हणतं. भारतातल्या काला-आजाराच्या काही रुग्णांतून वाढवलेल्या नमुन्यांचा अक्षरक्रम वाचल्यावर त्यात लेप्टोमोनस नावाचा, मुळात कीटकांतला, दुसराच परजीवी निघाला. त्याला इतके दिवस लीशमॅनिया समजलं जात होतं.

कधी हीच तपासणी जुनी भिंत पाडते. ब्राझीलमधल्या परजीवीला वेगळी जात मानून लीशमॅनिया चगासी म्हटलं जायचं. जनुकं वाचल्यावर तो भूमध्य प्रदेशातला इन्फंटमच निघाला. युरोपीय जहाजांबरोबर, बहुधा कुत्र्यांतून, काही शतकांपूर्वी तिकडे गेलेला. ऑस्ट्रेलियात लीशमॅनिया नाहीच असा समज होता. २००४ साली तो तांबड्या कांगारूंच्या कातडीत सापडला, आणि २०११ मध्ये त्याचा वाहक वाळूमाशी नसून दुसराच एक चावरा कीटक असल्याचे पुरावे आले. या दोन गोष्टी पुस्तकात चार-चार पानांत येतात. मला त्या आणखी वाचायला आवडल्या असत्या.

आता ते भांडण. भारतात काला-आजार ओसरतो आहे. १९९२ साली ७७,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले होते, आता वर्षाला काही शेकडे. बांगलादेशाने निर्मूलन साधल्याचं २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. अशा वेळी प्राण्यांचा प्रश्न ऐरणीवर येतो. माणसांतला आजार संपवला आणि तो एखाद्या प्राण्यात टिकून असला, तर तो परत येणार. नेपाळमध्ये शेळ्या, गाई, म्हशींच्या रक्तात या परजीवीचा डीएनए सापडल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं होतं. माझ्या विद्यार्थ्यांनी एक मोठा तक्ता केला: प्राणी, देश, कोणतं जनुक तपासलं, किती सापडले. तक्त्याला मथळा दिला ‘आगार प्राणी’. त्यात शेळीही होती.

मी म्हटलं, शेळीला आगार म्हणू नका. बिहारच्या एखाद्या गावात शेळी विकून मुलीची फी भरणाऱ्या बाईच्या दारात उद्या कुणी हे पुस्तक घेऊन गेलं तर? त्यांचं म्हणणं, डीएनए आहे म्हणजे परजीवी आहे, ते कसं नाकारायचं? मी त्यांना २०२१ साली प्रसिद्ध झालेलं मुझफ्फरपूरचं काम दाखवलं. तिथे माणसांवर निरोगी वाळूमाश्या सोडून पाहिलं होतं. काला-आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी माश्यांना संसर्ग दिला. आजारानंतर कातडीवर चट्टे उमटलेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी दिला. पण ज्यांना संसर्ग झाल्याच्या खुणा होत्या आणि लक्षणं काहीच नव्हती, अशा १८० हून अधिक माणसांपैकी एकाकडूनही माशीला लागण झाली नाही. सापडणं वेगळं आणि पुढे देणं वेगळं, हे माणसात इतकं स्पष्ट दिसलं, तर शेळीला आपण कोणत्या न्यायाने दोषी ठरवायचं?

दोन संध्याकाळी वाद चालला. अखेर त्यांनी मथळा बदलून ‘ज्यांच्यात डीएनए सापडला ते प्राणी’ असा केला, आणि तक्त्याला शेवटी एक नवा रकाना जोडला: ‘या प्राण्याचं रक्त पिऊन माशीला लागण झाली का?’ फुएनलाब्रादाच्या सशांपुढे ‘होय’ लिहिलं आहे. कुत्र्यापुढे ‘होय’. पुढच्या पानांवर तो रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच आहे. छपाईच्या वेळी पानं मोकळी दिसतात म्हणून तो काढायचा का, असं विचारलं गेलं. आम्ही तिघांनीही नाही म्हटलं.